ओझे उतरल्यानंतरची वाट

प्रति,
हिंजवडी, माण, मारुंजी आणि वाकड परिसरात नोकरीनिमित्त येऊन राहिलेल्या मराठी ख्रिस्ती बंधुभगिनींस

विषय : विश्वासात टिकून राहणे आणि भूतकाळाचे ओझे उतरवणे



ख्रिस्ती विश्वासात टिकून राहणे म्हणजे एकदा घेतलेला निर्णय रोजच्या वागण्यातून पुढे चालवत राहणे. प्रार्थनेत मन लागते त्या दिवसांपेक्षा लागत नाही त्या दिवसांशी त्याचा संबंध अधिक येतो. नव्या करारात या विषयावरचे दोन उतारे मुख्य मानले जातात : इब्री लोकांस पत्राच्या १२ व्या अध्यायाचा आरंभ आणि फिलिप्पैकरांस पत्राच्या ३ ऱ्या अध्यायाचा मधला भाग. दोन्हीकडे शर्यतीचे रूपक आहे आणि दोन्हीकडे धीराने पुढे जाणे व मागचे सोडणे या गोष्टी जोडीने येतात. ही जोडी नीट समजली नाही तर दोन गैरसमज होतात. मागचे सोडायचे म्हणजे विसरून जायचे, हा एक. ओझे उतरले की वाट संपली, हा दुसरा.

इब्री लोकांस पत्र कोणी लिहिले हे ठरलेले नाही, पण ते कोणासाठी लिहिले हे त्यातूनच कळते. वाचक नवखे नव्हते. विश्वास धरल्यावर त्यांची निंदा झाली होती, मालमत्ता लुटली गेली होती आणि ते सगळे त्यांनी आनंदाने सोसलेही होते. पुढे मात्र ते थकले. काहींनी एकत्र जमणे सोडले आणि जुन्या सुरक्षित जागी परतण्याचा विचार सुरू झाला. अशा लोकांना लेखक १० व्या अध्यायात आपले पूर्वीचे दिवस आठवायला सांगतो, ११ व्या अध्यायात हाबेलापासून मोशे आणि राहाबेपर्यंतच्या विश्वासूंची मालिका मांडतो आणि मगच १२ व्या अध्यायात भार टाकून धावायला सांगतो. म्हणजे ज्या पत्रात भार टाकण्याची आज्ञा आहे त्याच पत्रात आठवण ठेवण्याचीही आज्ञा आहे. शिवाय तेथे भार आणि पाप ही दोन नावे वेगवेगळी घेतली आहेत. प्रत्येक भार पाप असतोच असे नाही. एखादी गोष्ट निर्दोष असूनही धावणाऱ्याला जड होऊ शकते.

फिलिप्पैकरांस पत्र पौलाने कैदेतून लिहिले. त्याच्या ३ ऱ्या अध्यायात तो आपला भूतकाळ तपशिलाने सांगतो : आठव्या दिवशी झालेली सुंता, बन्यामिनाचा वंश, परूशी पंथाचे शिक्षण आणि मंडळीचा केलेला छळ. त्यानंतर काही ओळींतच तो मागील गोष्टी विसरून पुढे धावत असल्याचे म्हणतो. ज्याने नुकतीच आपली वंशावळ मोजून दाखवली त्याचे हे विसरणे स्मरणशक्तीचे नाही. त्या यादीतील मानाच्या गोष्टींवर तो आपली किंमत ठरवत नाही आणि लाजेच्या गोष्टींना आपला न्याय करू देत नाही. आठवण राहते, तिचा अधिकार जातो. पुढचे सर्व विवेचन याच भेदावर उभे आहे.

दुसऱ्या गैरसमजाचे उत्तर जॉन बन्यनच्या ‘पिलग्रिम्स प्रोग्रेस’ या १६७८ मधील रूपककथेत मिळते. हरि केशवजी यांनी १८४१ मध्ये ‘यात्रिक क्रमण’ या नावाने ती मराठीत आणली, त्यामुळे मराठी ख्रिस्ती घरांत ती पिढ्यान्‌पिढ्या माहीत आहे. तिच्यातला यात्रेकरू पाठीवर ओझे घेऊन निघतो आणि क्रुसापाशी ते गळून पडते. हा प्रसंग कथेच्या पूर्वार्धातच येऊन जातो. खडी चढण, अपमानाची दरी, बाजारपेठेतला तुरुंग, निराशेचा किल्ला आणि शेवटची नदी हे सारे त्यानंतरचे आहे. ओझे उतरल्याने वाट संपत नाही, ती चालता येण्याजोगी होते. बाप्तिस्मा, दृढीकरण किंवा एखाद्या शिबिरातला उत्कट अनुभव यांनंतर वर्ष-दोन वर्षांत येणारा कोरडेपणा पाहून आपला विश्वास खोटाच होता असे मानणाऱ्यांनी कथेचा हा क्रम ध्यानात ठेवण्यासारखा आहे.

भूतकाळाचे ओझे तीन प्रकारचे असते. पहिला प्रकार अपराधाचा. बायबलमधले त्याचे सर्वांत स्पष्ट उदाहरण पेत्राचे आहे. मुख्य याजकाच्या वाड्यात कोळशाच्या शेकोटीजवळ त्याने येशूला तीनदा नाकारले. पुनरुत्थानानंतर तिबिर्या समुद्राच्या काठी, पुन्हा कोळशाच्या विस्तवाजवळच, येशूने त्याला प्रेमाविषयी तीनदा विचारले आणि प्रत्येक उत्तरानंतर मेंढरे सांभाळण्याचे काम सोपवले. नकाराचा उल्लेख टाळला गेला नाही आणि उगाळलाही गेला नाही. जितक्यांदा नकार, तितक्यांदा जबाबदारी.

मंडळीलाही हा प्रश्न पुढे सोडवावा लागला. इ. स. २५० मध्ये रोमन सम्राट डेसियसने सर्वांना देवतांपुढे बली अर्पण करण्याचा हुकूम दिला. अनेक ख्रिस्ती लोकांनी भीतीने तो पाळला. छळ ओसरल्यावर हे लोक परत येऊ लागले तेव्हा त्यांना घ्यावे की नाही यावर मोठा वाद झाला. नोव्हेशियन नावाच्या धर्मगुरूचा गट म्हणाला, घेऊ नये. कार्थेजचा बिशप सिप्रियन आणि बहुसंख्य मंडळी यांनी पश्चात्ताप व प्रायश्चित्तानंतर घ्यावे असे ठरवले. ३२५ मध्ये नायसियाच्या परिषदेनेही पुढच्या छळात ढळलेल्यांसाठी असाच नियम केला. प्रायश्चित्ताचा काळ लांब होता, पण दार बंद नव्हते.

या ओझ्याचा उपाय तीन पायऱ्यांचा आहे. कबुली ही पहिली. कॅथलिक परंपरेत ती धर्मगुरूपुढील पापनिवेदनाने होते, प्रोटेस्टंट परंपरेत उपासनेतील सामुदायिक कबुलीने आणि खासगी प्रार्थनेने, गरज पडल्यास पाळकाजवळ. क्षमेचा स्वीकार ही दुसरी, आणि पुष्कळांचे पाऊल येथेच अडते : क्षमा मागितली जाते, पण मिळाली असे धरून चालले जात नाही. भरपाई ही तिसरी. जक्कयाने आपली अर्धी मालमत्ता गरिबांना देण्याचे आणि लुबाडलेले चौपट परत करण्याचे कबूल केले. बुडवलेले पैसे, फसवलेला भागीदार, दुखावलेली पत्नी किंवा भाऊ यांच्या बाबतीत केवळ देवाशी हिशेब मिटवून भागत नाही. भरपाई शक्य असेल तेथे ती केल्याशिवाय मन हलके होत नाही आणि व्हायलाही नको.

दुसरा प्रकार सोसलेल्या अन्यायाचा. मराठी ख्रिस्ती समाजात तो अनेक घरांत आहे. उच्चवर्णीय धर्मांतरितांना आप्तांनी मेलेले मानले. विसाव्या शतकाच्या आरंभापर्यंत अहमदनगर आणि मराठवाड्याच्या खेड्यांतून महार व मांग समाजातील जी कुटुंबे मोठ्या संख्येने मंडळीत आली त्यांना गावाने अस्पृश्य म्हणूनच वागवले आणि मंडळीतही जातीचे कंगोरे पुरते झिजले नाहीत. कायद्यानेही एक रेषा आखली आहे. अनुसूचित जातींविषयीच्या १९५० च्या राष्ट्रपतींच्या आदेशात हा दर्जा हिंदूंपुरता ठेवला गेला. १९५६ मध्ये शिखांचा आणि १९९० मध्ये बौद्धांचा त्यात समावेश झाला, दलित ख्रिस्ती बाहेरच राहिले. हा प्रश्न तपासण्यासाठी २०२२ मध्ये केंद्र सरकारने न्या. के. जी. बालकृष्णन यांच्या अध्यक्षतेखाली आयोग नेमला.

अशा अन्यायाविषयी क्षमा करणे आणि न्याय मागणे या परस्परविरोधी गोष्टी समजल्या जातात. पौलाचे चरित्र तसे सांगत नाही. फिलिप्पै शहरातच त्याला चौकशीविना फटके मारून तुरुंगात टाकले होते. सकाळी गुपचूप निघून जाण्याची मुभा मिळाली तेव्हा त्याने आपल्या रोमन नागरिकत्वाचा दाखला दिला आणि अधिकाऱ्यांनी स्वतः येऊन आपल्याला बाहेर न्यावे असा आग्रह धरला. त्याच शहरातील मंडळीला त्याने पुढे मागचे विसरण्याविषयी लिहिले. सूड देवावर सोपवणे म्हणजे हक्क सोडणे नव्हे. मत्तयाच्या १८ व्या अध्यायातही अपराध्याला समोर बसवून त्याचा दोष सांगण्याची रीत आधी येते आणि सत्तर वेळा सातदा क्षमा करण्याची शिकवण नंतर. क्षमा करणाऱ्याने अपराध्यावर लगेच विश्वास टाकावा असेही नाही. घरात मारहाण सोसणाऱ्या स्त्रीला क्षमेच्या नावाखाली त्याच घरात परत पाठवणे ही या शिकवणीची मोडतोड आहे. क्षमेत सोडायचा तो दुसऱ्याच्या नाशाची वाट पाहत राहण्याचा धंदा, कारण त्यात सोसणाऱ्याचेच आयुष्य खर्ची पडते.

तिसरा प्रकार गोड असतो म्हणून ओळखू येत नाही. गणनेच्या ११ व्या अध्यायात गुलामीतून सुटलेले इस्राएली लोक अरण्यात मिसर देशातील मासे, काकड्या, खरबुजे, कांदे आणि लसूण आठवून रडतात. वेठबिगारी त्यांच्या आठवणीतून गळून गेलेली असते. भूतकाळ असा निवडून आठवला की तो वर्तमानाला नालायक ठरवतो. अहमदनगरला अमेरिकन मराठी मिशनचे काम १८३१ पासून चालू झाले, मिरजेचे मिशन रुग्णालय १८९४ मध्ये डॉ. वानलेस यांनी उभारले, जालन्याजवळ नारायण शेषाद्री यांनी बेथेल वसवले, वसईच्या कॅथलिक गावांची परंपरा पोर्तुगीज काळापर्यंत मागे जाते. या वारशाचा अभिमान रास्त आहे. पण पणजोबांचा बाप्तिस्मा किंवा आजीची मिशन शाळेतली नोकरी ही आजच्या प्रार्थनाहीन घराची भरपाई करू शकत नाही. गावच्या चर्चमधली नाताळची रात्र आठवून हिंजवडीत कुठल्याच मंडळीत मन न रमणे हाही याच भाराचा प्रकार होय.

मात्र मागचे सगळेच टाकाऊ नसते. हिंजवडीच्या उत्तरेला थोड्याच अंतरावर इंद्रायणीकाठी संत तुकारामांचे देहू आहे. रेव्हरंड नारायण वामन टिळक आपण ख्रिस्ताकडे तुकोबांच्या पुलावरून आलो असे सांगत. १८६१ मध्ये रत्नागिरी जिल्ह्यातील करजगावी जन्मलेले टिळक १८९३ मध्ये नागपूर–राजनांदगाव प्रवासात एका सहप्रवाशाने दिलेला नवा करार वाचू लागले आणि १० फेब्रुवारी १८९५ रोजी मुंबईत त्यांचा बाप्तिस्मा झाला. त्यांनी जात टाकली, जानवे टाकले, पण अभंग आणि कीर्तन टाकले नाही, उलट मराठी उपासनेला दिले. १९१७ मध्ये मिशनचा पगार सोडून साताऱ्यात ‘देवाचा दरबार’ हा बंधुसंघ उभारताना त्यांनी बाप्तिस्मा घेतलेल्यांबरोबर न घेतलेल्यांनाही त्यात जागा ठेवली. भार टाकणे म्हणजे मुळे उपटणे नव्हे. काय ठेवायचे आणि काय टाकायचे याची निवड करणे हे विश्वासाच्या प्रौढपणाचे लक्षण आहे.

मराठी ख्रिस्ती परंपरेत या निवडीचे उत्तम दाखले आत्मचरित्रांत आहेत. बाबा पदमनजी यांचा जन्म १८३१ मध्ये बेळगावात झाला. मुंबईत शिकताना ते परमहंस मंडळी या सुधारक गटाच्या संपर्कात आले, ख्रिस्ती मताकडे वळले, पण निर्णयाला बराच काळ लागला. १८५४ मध्ये त्यांनी बाप्तिस्मा घेतला. ‘अरुणोदय’ या १८८८ मधील आत्मचरित्रात त्यांनी आपले आधीचे संस्कार, मनाची चलबिचल आणि कुटुंबाशी झालेली ताटातूट क्रमाने मांडली. ज्या काळाची लाज वाटावी त्याचाच त्यांनी दस्तऐवज केला.

पंडिता रमाबाईंचे उदाहरण अधिक कठीण आहे. १८५८ मध्ये जन्मलेल्या रमाबाईंनी विशीच्या आत मद्रास इलाख्यातील दुष्काळात आई, वडील आणि बहीण गमावली. भाऊ श्रीनिवास यांच्यासह त्यांनी पायी देश पालथा घातला, पुढे भाऊही गेला आणि लग्नानंतर दोन वर्षांच्या आत पतीही. २९ सप्टेंबर १८८३ रोजी इंग्लंडमधील वाँटेज येथे त्यांचा बाप्तिस्मा झाला. तरीही १९०७ च्या आपल्या साक्षीत त्यांनी स्पष्ट सांगितले आहे की बाप्तिस्म्यानंतर सुमारे ८ वर्षे त्यांना ख्रिस्ती धर्म सापडला होता, ख्रिस्त नव्हे. टिकणे म्हणजे काय ते या ८ वर्षांत दिसते : मनाचे समाधान झालेले नसतानाही अभ्यास, प्रार्थना आणि काम चालू होते. १८८९ मध्ये त्यांनी मुंबईत विधवा व मुलींसाठी सुरू केलेले शारदा सदन पुढच्याच वर्षी पुण्यात आले. १८९३ मध्ये धर्मांतराच्या आरोपांचे वादळ उठले आणि अनेक पालकांनी मुली काढून नेल्या, तरी सदन बंद पडले नाही.

१८९६-९७ च्या दुष्काळात मध्य प्रांतातील उपाशी मुलींच्या बातम्या आल्या तेव्हा रमाबाईंना आपली स्वतःची उपासमार आठवली आणि त्या तेथे जाऊन शेकडो मुली घेऊन आल्या. पुणे–दौंड लोहमार्गावरच्या केडगावचे मुक्ती मिशन त्यातून वाढले. आई-वडिलांचा भूकबळी त्या विसरल्या असत्या तर हे घडले नसते, आणि त्यातच अडकून राहिल्या असत्या तरीही घडले नसते. १९२१ मध्ये एकुलती एक मुलगी मनोरमा वारली. मूळ हिब्रू आणि ग्रीकवरून चाललेले बायबलचे मराठी भाषांतर त्यानंतरही त्यांनी सोडले नाही. ५ एप्रिल १९२२ रोजी त्यांचे निधन झाले.

नारायण वामन टिळकांच्या पत्नी लक्ष्मीबाई यांच्या ‘स्मृतिचित्रे’ या आत्मचरित्रात सोडण्याचा क्रमही पाहायला मिळतो. पतीच्या बाप्तिस्म्यानंतर त्या लहान मुलगा दत्तू याच्यासह काही वर्षे नातेवाइकांकडे वेगळ्या राहिल्या. सोवळ्याओवळ्याचा अतिरेक त्यांनी माहेरी वडिलांच्या ठायी पाहिला होता आणि तो त्यांच्या अंगातही मुरला होता. नगरला पतीजवळ परतल्यावर त्यांनी बाप्तिस्मा लगेच घेतला नाही. आधी विचारांती जातिभेद सोडला, मग १९०० मध्ये बाप्तिस्मा घेतला. नव्या नावाने ओळखले जाण्याआधी जुने वागणे बदलले. टिळकांचा संताप, स्वतःचा हट्ट, उपासमार आणि भांडणे हे सगळे त्यांनी हसत हसत लिहिले. ज्या आठवणीवर माणूस कडवटपणाविना हसू शकते ती आठवण ओझे राहिलेली नसते. १९१९ मध्ये टिळक गेल्यावर त्यांचे अपुरे राहिलेले ‘ख्रिस्तायन’ हे काव्य लक्ष्मीबाईंनी पुढे लिहून पुरे केले.

टिकून राहण्याची साधने जुनीच आहेत : एकत्र जमणे, प्रार्थना, शास्त्रवाचन, प्रभुभोजन, सेवा. हिंजवडीच्या जीवनक्रमात अडचण येते ती पहिल्यात. राजीव गांधी इन्फोटेक पार्कच्या कामाच्या वेळा बहुधा परदेशातल्या घड्याळाला बांधलेल्या असतात. रात्रपाळी करून रविवारी सकाळी पुण्यातल्या किंवा पिंपरी-चिंचवडमधल्या चर्चला पोहोचणे अवघड जाते, भाड्याचे घर वरचेवर बदलते आणि सभासदत्व गावाकडेच राहते. पडद्यावर पाहिलेली उपासना आजारी माणसाला आधार देते, पण तिथे कोणी कोणाची गैरहजेरी विचारत नाही, आणि गैरहजेरी विचारणारे माणूस असणे हाच एकत्र जमण्याचा निम्मा उपयोग आहे. म्हणून सभासदत्व रीतसर हलवून आणणे, रविवार जमत नसेल तर आठवड्यातली घरगुती प्रार्थनासभा ठरवून घेणे आणि महिन्यातून एकदा तरी प्रभुभोजनाला हजर राहणे हे किमान नियम उपयोगी पडतात. नियम लहान असावा आणि मोडला तर दुसऱ्या दिवशी पुन्हा धरावा.

कोरड्या काळाविषयी जुन्या मंडळीने पुष्कळ विचार केला आहे. चौथ्या शतकात इजिप्तच्या वाळवंटातील साधू इव्हाग्रियसने साधकाला भर दुपारी गाठणाऱ्या कंटाळ्याचे वर्णन केले : दिवस सरत नाही, जागा नकोशी होते, दुसरीकडे गेलो तर भक्ती होईल असे वाटते. त्याने सुचवलेला मार्ग जागा न सोडता हातातले काम आणि प्रार्थना चालू ठेवण्याचा होता. स्तोत्रसंहितेतही तक्रारीची स्तोत्रे मोठ्या संख्येने आहेत, आणि ८८ वे स्तोत्र तर अंधारातच संपते. देवाजवळ केलेली तक्रार ही अविश्वासाची खूण नाही, ती प्रार्थनाच आहे. झोप, भूक आणि कामातले लक्ष दीर्घकाळ उडाले असेल, जगणे नकोसे वाटत असेल, तर तो केवळ विश्वासाचा प्रश्न मानू नये. पाळकाबरोबर डॉक्टरांकडेही जावे. औषध घेण्याने विश्वास उणा होत नाही.

शेवटी एक जबाबदारी मंडळीची आहे. माणसाने स्वतःचे ओझे टाकले तरी इतरांनी ते त्याच्या दारात पुन्हा आणून ठेवायचे ठरवले तर तो किती काळ टिकेल? योहान मार्क पौलाच्या पहिल्या सुवार्ताफेरीत पंफुल्यातून अर्ध्यावर परतला. पुढच्या फेरीला पौलाने त्याला बरोबर घ्यायला नकार दिला, त्यावरून पौल आणि बर्णबा यांचे बिनसले आणि बर्णबा मार्काला घेऊन वेगळ्या वाटेने गेला. काही वर्षांनी तीमथ्याला लिहिलेल्या दुसऱ्या पत्रात मात्र मार्काला सोबत आणण्याची सूचना येते, कारण तो सेवेत उपयोगी आहे. मागचे विसरायला शिकवणाऱ्या पौलालाही दुसऱ्याचा भूतकाळ सोडायला वेळ लागला. मधल्या काळात मार्क टिकला तो बर्णबामुळे. घटस्फोट झालेली व्यक्ती, व्यसनातून उठलेला तरुण, कर्जात बुडालेले कुटुंब किंवा अनेक वर्षांनी उपासनेला आलेला सभासद यांच्या बाबतीत हिंजवडी परिसरातील प्रत्येक मंडळीने आणि प्रत्येक घरगुती प्रार्थनासभेने हेच काम उचलायचे आहे : आधी जागा द्यावी, मग काम सोपवावे, आणि जे देवाने माफ केले त्याची चौकशी पुन्हा सुरू करू नये.

ख्रिस्तात आपला,
मंडळीतील एक सभासद
हिंजवडी, ता. मुळशी, जि. पुणे